जागा सोडणारा मिडफिल्डर

त्रेसष्टाव्या मिनिटाला मी कॉम्प्युटरवरची मॅच थांबवली. आम्ही १-० ने पुढे होतो. बॉल समोरच्या टीमच्या राइट बॅककडे होता, तो टचलाइनला चिकटलेला, आणि त्याला पास द्यायला जवळपास धड कुणी नव्हतं. घाबरावं असं काहीच नव्हतं. तरी माझा आठ नंबरवाला, ज्याला मी बॅकलाइनच्या पुढे राखणीला ठेवलं होतं, तो मधली जागा टाकून थेट त्या राइट बॅकच्या अंगावर धावत सुटला होता.

मॅच पुन्हा चालू केली. राइट बॅकने एक साधा पास आत दिला. आमच्या बॉक्सच्या बाहेर, बरोब्बर मध्ये, त्यांचा दहा नंबर एकटा उभा. त्याला वळायला वेळ मिळाला, मान वर करून बघायला वेळ मिळाला, बॉल नीट पायासमोर घ्यायलाही मिळाला. १-१.

दादा मागे उभा राहून बघत होता. तो हा गेम खेळत नाही, पण फुटबॉल बघतो. त्याने विचारलं, "हा तिकडे कशाला गेला?"

"तो बॉल-विनिंग मिडफिल्डर आहे."

"मग बॉल जिंकायलाच गेलाय ना तो! तू सांगितलंस तेच करतोय. जागेवर थांब असं त्याला कुठे सांगितलंयस?"

मी काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि गप्प बसले. कारण खरंच नव्हतं सांगितलं.

हा फुटबॉल मॅनेजर २०२४ मधला माझा खालच्या डिव्हिजनचा सेव्ह, म्हणजे माझा चालू असलेला खेळ. या गेममध्ये आपण मॅनेजर असतो: खेळाडू निवडायचे, प्रत्येकाला रोल द्यायचा आणि मॅच बघायची. खाल्लेल्या प्रत्येक गोलची मी एका वहीत नोंद ठेवते: मिनिट, बॉल कुठे गमावला, शेवटचा पास मैदानाच्या कुठल्या भागातून आला. त्या रात्री वही काढली आणि मागची पानं चाळली. शेवटच्या अकरा गोलांपैकी सात गोलांसमोर मी स्वतःच्याच अक्षरात "बॉक्सच्या बाहेर मधोमध, मोकळा" असं लिहून ठेवलं होतं. सात वेळा तेच लिहिलं होतं आणि ओळ लावून एकदाही वाचलं नव्हतं. दोष मी सेंटर बॅकना देत होते. एकाला तर विकायलाही काढलं होतं.

तेव्हापासून हा रोल समजून घ्यायला मी दोन पूर्ण सीझन घातले. जे हाती लागलं ते इथे मांडतेय, कारण हीच चूक करणारे खूप जण मला भेटलेत. सगळ्यांची सुरुवात एकाच ठिकाणी होते. नावात "बॉल-विनिंग" दिसलं की आपण त्याला बचावाचा माणूस समजतो, आणि बचावाचा माणूस म्हणजे राखणदार असं धरून चालतो. हा राखणदार नाही. हा शिकारी आहे. राखणदार जागेला बांधलेला असतो, शिकारी बॉलला.

रोलच्या आत डोकावलं की हे लगेच दिसतं. बॉल-विनिंग मिडफिल्डर निवडला की दोन सूचना त्याच्यासोबत आपोआप येतात आणि त्या काढता येत नाहीत: प्रेस जास्त वेळा करायचा, आणि टॅकल कडक करायचं. म्हणजे मॅनेजर म्हणून तुम्ही काहीही न बोलता त्याला सांगून ठेवलेलं असतं की समोरचा बॉल घेतोय असं दिसलं की निघ. आता असा माणूस ४-१-४-१ मध्ये बॅकलाइनसमोर एकटा ठेवला, तर तो निघाल्यावर मागे काय उरतं? मोकळं रान. त्यांच्या दहा नंबरच्या गोलाला दुसरं कुठलंही कारण नव्हतं.

माझ्या आठ नंबरवाल्याचे आकडे सांगते, प्रत्येक वीसपैकी, म्हणजे चित्र स्पष्ट होईल. टॅकलिंग १६, अ‍ॅग्रेशन १७, वर्क रेट १७, स्टॅमिना १६, ब्रेव्हरी १५. आमच्या डिव्हिजनसाठी हे सोनं होतं. त्याला विकत घेतला तेव्हा मी याच पाच आकड्यांकडे बघितलं होतं, कारण रोलसाठी गेम जे गुण ठळक करून दाखवतो त्यात हे येतात. पोझिशनिंग होतं ९. कॉन्सन्ट्रेशन १०. म्हणजे धावायची ताकद आहे, अंगावर जायची हिंमत आहे, पण कुठे उभं राहावं याची जाण नाही. अशा माणसाला मी टीममधल्या सगळ्यात नाजूक जागेवर एकटं उभं केलं होतं.

पहिला उपाय मी केला तो बहुतेक सगळेच करतात. ड्युटी, म्हणजे रोलमध्ये त्याने किती पुढे जायचं ती सूचना, सपोर्टवरून डिफेन्डवर नेली. थोडा फरक पडला, खोटं कशाला बोलू. आपल्याकडे बॉल असताना तो मागे थांबायला लागला, पुढे उगीच घुसेनासा झाला. पण बॉल समोरच्याकडे गेला की पुन्हा तेच. ड्युटीने त्याची उभं राहण्याची जागा आणि धोका पत्करण्याची तयारी बदलते. त्याचा पिंड बदलत नाही, कारण प्रेस आणि टॅकलच्या त्या दोन्ही सूचना तशाच राहतात. चार मॅचमध्ये तीन गोल त्याच पट्ट्यातून बसले. वहीत तेच वाक्य आणखी तीनदा लिहिलं गेलं.

मग मी गेम बंद केला आणि खरं फुटबॉल आठवायला लागले.

एसी मिलानमध्ये मॅनेजर कार्लो अँचेलोत्तीने जेनारो गात्तुसो आणि आंद्रेआ पिर्लो यांना एकत्र खेळवलं. २००३ आणि २००७ मध्ये त्यांनी चॅम्पियन्स लीग जिंकली. आता डोळ्यांसमोर आणा, बॅकलाइनच्या लगेच पुढे कोण असायचं? गात्तुसो नव्हे. पिर्लो. जो टॅकलसाठी नव्हे तर पाससाठी ओळखला जातो, तो सगळ्यात मागे. गात्तुसो त्याच्या उजव्या अंगाला, थोडा पुढे, डावीकडे क्लॅरेन्स सेडॉर्फ. गात्तुसो मोकाट सुटू शकायचा कारण मधली जागा रिकामी पडत नव्हती, तिथे पिर्लो होताच. लोक म्हणतात गात्तुसो पिर्लोसाठी धावायचा, आणि ते खरंच आहे. पण पिर्लो गात्तुसोसाठी थांबायचा, हे कुणी सांगत नाही.

उलट क्लोद माकेलेले. रेआल माद्रिदमध्ये आणि २००३ नंतर चेल्सीमध्ये त्याचं मोठेपण बहुतांशी न हलण्यात होतं. तो बॉलच्या मागे धावत नव्हता, बॉल जिथे येणार तिथे आधीच उभा असायचा. गात्तुसो आणि माकेलेले दोघांनाही आपण सर्रास "डिफेन्सिव्ह मिडफिल्डर" म्हणतो, आणि तिथेच घोडं पेंड खातं. गेमच्या भाषेत माकेलेले म्हणजे अँकर. गात्तुसो म्हणजे बॉल-विनिंग मिडफिल्डर. मी अँकरच्या खुर्चीत गात्तुसोला बसवलं होतं.

फ्रान्सच्या एन्गोलो कांतेचं उदाहरण मला आणखी आवडतं, कारण त्याच्याकडे बघितलं की जोडीदारांचं महत्त्व सीझनगणिक दिसतं. २०१५-१६ मध्ये लेस्टर प्रीमियर लीग जिंकलं तेव्हा लीगमध्ये सर्वाधिक टॅकल त्याच्या नावावर होते. तिथे ४-४-२, शेजारी डॅनी ड्रिंकवॉटर, आणि मागे वेस मॉर्गन आणि रॉबर्ट हुथ, जे बॉक्स सोडून फारसे बाहेर यायचेच नाहीत. पुढच्याच सीझनला तो चेल्सीत गेला आणि पुन्हा लीग जिंकला. तिथले मॅनेजर अँतोनिओ काँते यांनी त्याच्या पाठीशी तीन सेंटर बॅक ठेवले होते आणि शेजारी नेमान्या मातिच. २०१८ मध्ये मॉरिझिओ सारी आले, त्यांनी जोर्जिन्होला मध्ये मागे ठेवलं आणि कांतेला उजवीकडे पुढे सरकवलं. त्यावर तेव्हा बरीच टीका झाली, बचावाच्या माणसाला पुढे कशाला पाठवता म्हणून. मला आता त्या निर्णयामागचा विचार कळतो. कांते कुठेही खेळो, तो निघाल्यावर त्याची जागा बघणारं कुणीतरी प्रत्येक ठिकाणी होतं.

आमच्या टीममध्ये एक एकतीस वर्षांचा सेंटर बॅक होता. पेस ८, म्हणजे मोकळ्या मैदानात कुणीही त्याला मागे टाकावं. पण पोझिशनिंग १५, अ‍ॅन्टिसिपेशन १४, कॉन्सन्ट्रेशन १५, आणि डिफेन्सिव्ह मिडफिल्डला खेळता येत होतं. हाच तो, ज्याला मी विकायला काढला होता. यादीतून त्याचं नाव काढलं, त्याला बॅकलाइनसमोर अँकर केलं, आणि आठ नंबरवाल्याला एक रांग पुढे, सेंट्रल मिडफिल्डच्या उजव्या जागेवर, बॉल-विनिंग मिडफिल्डर सपोर्ट ड्युटीवर नेलं. डावीकडे मेझाला, म्हणजे मधून कडेकडे सरकत पुढे जाणारा मिडफिल्डर, अ‍ॅटॅकवर. इतकंच. अकरा खेळाडूंपैकी बाकी कुणाला हात लावला नाही.

पुढच्या सहा मॅचमध्ये त्या पट्ट्यातून एकच गोल बसला, आणि तोही कोपऱ्यातून आलेल्या बॉलवरचा.

त्याला उजवीकडेच का ठेवलं, हा प्रश्न मला नंतर दोघातिघांनी विचारला आणि तो महत्त्वाचा आहे. माझा राइट बॅक विंग बॅक होता, अ‍ॅटॅक ड्युटीवर, सतत वर चढणारा. त्या बाजूने हल्ला मोडला की मागे मोठं भगदाड पडायचं आणि समोरची टीम पहिला पास तिथेच काढायची. शिकारी त्याच बाजूला हवा. बॉल गेला त्या क्षणी तो दहा-बारा पावलांवर असतो, आणि समोरच्याला मान वर करायच्या आत त्याच्यापर्यंत पोचतो. ट्रान्झिशनमध्ये काउंटर-प्रेस, म्हणजे बॉल गेल्या गेल्या तो परत मिळवायला तुटून पडणं, लावला असेल तर या माणसाचं खरं सोनं होतं. मेझालाच्या बाजूला मात्र लेफ्ट बॅक शांत ठेवला, फुल बॅक, सपोर्ट. मेझाला पुढे जाणार, लेफ्ट बॅकही पुढे जाणार आणि शिकारी दुसऱ्या टोकाला, असं झालं तर ती बाजू देवाच्या भरवशावर.

मी काही आठवडे हे उलटंही करून पाहिलं, शिकारी शांत फुल बॅकच्या बाजूला. टॅकलची संख्या कमी झाली आणि तो लांबून धावत येऊन उशिरा पोचायला लागला. उशिरा पोचणारा कडक टॅकल म्हणजे फाउल. दोन मॅचमध्ये दोन यलो.

आता टीम किती वर दाबते याबद्दल, कारण इथे मला वाटतं बहुतेकांचं गणित चुकतं. ज्यांची टीम खाली बसून खेळते ते म्हणतात, आम्ही बचाव करतो, म्हणून आम्हाला बॉल जिंकणारा लागतो. ऐकायला बरोबर वाटतं. पण लाइन ऑफ एंगेजमेंट (जिथून प्रेस सुरू करायचा ती रेषा) खाली आणि प्रेस कमी ठेवलेल्या टीममध्ये हा एकटाच प्रेस करतो. बाकी नऊ जण रचनेत उभे आणि एक जण सुटलेला. तो पोचेपर्यंत समोरच्याने पास दिलेला असतो, मग तो पुढच्यावर, तिथून पुढच्यावर. दमतो तोही आणि फाटते रचना. खाली बसून खेळायचं असेल तर मी हा रोल अजिबात वापरत नाही, तिथे साधा सेंट्रल मिडफिल्डर डिफेन्ड ड्युटीवर पुरतो.

प्रेस करणाऱ्या टीममध्ये मात्र तो एकटा नसतो. स्ट्रायकर सेंटर बॅकला एका बाजूला ढकलतो, विंगर फुल बॅककडे जाणारी वाट बंद करतो, आणि मग समोरच्याला नाइलाजाने जो पास मध्ये द्यावा लागतो, त्या पासवर हा झडप घालतो. आमचा प्रेस मी एक पायरी वाढवला, डिफेन्सिव्ह लाइन एक पायरी वर आणली म्हणजे मधलं अंतर आवळलं जाईल. बॅकलाइन आणि मिडफिल्ड यांच्यात अंतर जितकं कमी, तितकी त्याची चूक स्वस्तात सुटते. आठ पावलांचं भगदाड अँकर भरू शकतो. वीस पावलांचं कुणीच नाही.

बॉल जिंकल्यानंतर काय, हे मी फार उशिरा बघायला लागले. माझ्या आठ नंबरवाल्याचं पासिंग होतं १०, फर्स्ट टच ११. तो बॉल हिसकावून घ्यायचा आणि दोन सेकंदांत परत देऊन टाकायचा, कारण उत्साहाच्या भरात चाळीस मीटरचा पास मारायचा. एका मॅचमध्ये मी फक्त त्याच्याकडे बघत बसले, पूर्ण मॅच, दुसरं काही नाही. पहिल्या हाफमध्ये त्याने नऊ वेळा बॉल जिंकला आणि त्यातला पाच वेळा पुढच्याच पासला घालवला. मेहनत करून मिळवलेलं असं मातीत जाताना बघवत नाही. त्याला वैयक्तिक सूचना दिली, पास छोटे आणि धोका कमी. आणि अँकरच्या जागेचाही पुनर्विचार केला. कमी ताकदीच्या टीमसमोर मी तिथे डीप-लाइंग प्लेमेकर, म्हणजे मागे राहून पास वाटणारा, डिफेन्ड ड्युटीवर लावायला लागले, म्हणजे शिकाऱ्याला बॉल मिळाला की सात-आठ मीटरवर एक हुशार माणूस हात वर करून उभा. पिर्लो पुन्हा आठवला, अर्थातच. डीप-लाइंग प्लेमेकर निवडताना त्याचं पोझिशनिंग किमान १२ तरी बघा, नाहीतर पास सुंदर आणि मागे पुन्हा मोकळं रान.

कार्डांचं सांगायलाच हवं. पहिल्या सीझनला त्याला चौदा यलो आणि दोन रेड मिळाली, आणि त्यातला मोठा वाटा माझा होता. टीम इन्स्ट्रक्शनमध्ये "गेट स्टक इन" लावलेलं होतं, म्हणजे अख्ख्या टीमला कडक टॅकल करायचा आदेश. ज्याच्या रोलमध्येच ते कोरलेलं आहे, त्याच्या आजूबाजूचेही तसेच भिडायला लागले तर रेफ्रीचा हात खिशाकडे जाणारच. ते काढलं. शिवाय त्याला "डाइव्ह्ज इन्टू टॅकल्स" ही सवय होती, ती मोडण्यासाठी ट्रेनिंगला लावलं. वेळ लागला, पण सुटली.

मॅचमध्ये त्याला यलो मिळालं की काय करायचं, यावर माझा आता ठरलेला नियम आहे. त्याच रोलमध्ये ठेवून "सांभाळून खेळ" म्हणता येत नाही, कारण कडक टॅकलची सूचना काढताच येत नाही. एकतर रोल बदलून साधा सेंट्रल मिडफिल्डर करायचा आणि टॅकल जपून करायला सांगायचं, किंवा बाहेर काढायचं. २०१८ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये क्रोएशियासमोर कांतेला सत्ताविसाव्या मिनिटाला यलो मिळालं, आणि त्याच फाउलच्या फ्री किकमधून पेरिसिचने बरोबरीचा गोल केला. फ्रान्सने पुन्हा २-१ अशी आघाडी घेतली तरी पंचावन्नाव्या मिनिटाला फ्रान्सचे मॅनेजर दिदिए देशाँनी कांतेला बाहेर घेतलं आणि स्टीव्हन एन्झोन्झीला आणलं. जगातला सर्वोत्तम बॉल जिंकणारा, वर्ल्ड कपची फायनल, तरी बाहेर. देशाँ स्वतः याच जागेवर खेळलेले, १९९८ च्या विजेत्या टीमचे कॅप्टन. कार्ड मिळालेला शिकारी अर्धा शिकारी असतो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. फ्रान्स ४-२ ने जिंकलं. मी साठाव्या मिनिटाच्या आत बदल करायला घाबरत असे, आता घाबरत नाही.

कधी वापरू नये, तेही थोडक्यात. समोरची टीम दहा जण मागे घेऊन बसली असेल तर जिंकायला बॉल आहेच कुठे? तो आपल्याच पायात आहे. तिथे बॉक्स-टू-बॉक्स, म्हणजे दोन्ही टोकांपर्यंत धावणारा मिडफिल्डर, खेळवा आणि शिकाऱ्याला विश्रांती द्या. समोरची टीम मिडफिल्डच्या डोक्यावरून लांब बॉल मारत असेल तरीही तो नुसता आकाशाकडे बघत मागे-पुढे धावतो. त्याची खरी मजा बॉल पायात खेळवणाऱ्या टीमसमोर आहे, ज्यांचा एखादा प्लेमेकर मागे येऊन बॉल घेतो. अशा वेळी मी ऑपोझिशन इन्स्ट्रक्शनमध्ये (समोरच्या एकेका खेळाडूसाठीच्या सूचना) त्या प्लेमेकरवर प्रेस लावते आणि बाकी काही करत नाही.

आणि कृपा करून त्याला मॅचच्या रेटिंगवरून जोखू नका. माझ्या सेव्हमध्ये त्याचं सरासरी रेटिंग दहापैकी ६.७ आणि ६.८ च्या मध्येच राहिलं, ज्या सीझनला आम्ही वरच्या डिव्हिजनमध्ये गेलो त्या सीझनलाही. नुसतं रेटिंग बघितलं असतं तर मी त्याला काढला असता. मी दोन गोष्टी बघते. शेजारच्या मेझालाचं रेटिंग, आणि समोरच्या टीमचे शॉट मैदानाच्या कुठल्या भागातून आले. पहिलं वर गेलं आणि मधले शॉट कमी होऊन कडेचे वाढले, तर शिकारी काम करतोय.

माझ्या आठ नंबरवाल्यालाही आता बत्तीस पूर्ण झाली. अ‍ॅक्सिलरेशन १४ वरून ११ वर आलं तेव्हाच मला कळलं होतं. तो अजूनही निघायचा, अजूनही वर्क रेट १७, पण पोचायचा तेव्हा बॉल गेलेला असायचा. पायांनी साथ सोडली होती, मनाने नाही, आणि ते बघताना मला खरंच वाईट वाटायचं. पण वयाबरोबर दुसरीकडे काहीतरी वाढलं होतं. पोझिशनिंग ९ वरून १३. कॉन्सन्ट्रेशन १४. म्हातारा अँकर निवृत्त झाला त्या उन्हाळ्यात मी आठ नंबरवाल्याला त्याच्या जागेचं ट्रेनिंग सुरू केलं, अँकर, बॅकलाइनसमोर. आणि अकॅडमीतून आलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला, टॅकलिंग १३, अ‍ॅग्रेशन १६, पोझिशनिंग ७, त्याच्यासमोर उजव्या जागेवर उभं केलं. मेंटरिंगमध्येही दोघांना एकाच गटात घातलं.

त्यांची एकत्र पहिली मॅच मी हायलाइट्स न लावता पूर्ण बघितली. एकाहत्तराव्या मिनिटाला समोरच्या लेफ्ट बॅकने टचलाइनजवळ बॉल घेतला आणि पोरगं मधली जागा सोडून वाऱ्यासारखं तिकडे सुटलं. मी मॅच थांबवली. बॉक्सच्या बाहेर, बरोब्बर मध्ये, त्यांचा दहा नंबर पाठ करून उभा होता, आणि त्याच्या मागे हाताच्या अंतरावर माझा आठ नंबरवाला. हलला नव्हता.

दादाला हाक मारली, "अरे, इकडे ये, हे बघ."